रात्री दीड वाजेपर्यंत

भामरागडच्या आठवडी बाजारात मोहफुलं, हळद आणि प्लास्टिकच्या चपला यांच्या शेजारी आता पाणी तापवायचे रॉडही मांडलेले असतात. मागच्या हिवाळ्यात मी त्यातला एक उचलून पाहिला. आयएसआयचा शिक्का नव्हता, त्याखाली असायला हवा तो परवाना क्रमांक नव्हता आणि प्लगला पिना दोनच होत्या.

"याला अर्थिंग नाही का हो भाऊ?"

"काही होत नाही जी. पूर्ण जिल्ह्यात हाच चालते."

विकणारा खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरीही तोच रॉड असेल, त्याच बादलीत त्याची लेकरं हात घालत असतील. पण 'काही होत नाही' हे शब्द 9 जानेवारी 2021 पासून मला सहन होत नाहीत. त्या दिवशी, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तीन भाजून, सात धुरानं गुदमरून. मी राहतो त्या हेमलकशाहून भंडारा सुमारे तीनशे किलोमीटरवर. मध्ये एवढं जंगल, एवढ्या नद्या. तरी ती रात्र मला दूरची वाटत नाही. कारण आग ज्या यंत्रातून निघाली, ते यंत्र बाळाला ऊब देणारं होतं आणि 'बाळ गार पडलं' याचा अर्थ आमच्या तालुक्यात समजावून सांगावा लागत नाही.

ही उलटी मोजणी मी त्या दीडच्या ठोक्यापासून मागे जाऊन मांडतो आहे. ठिणगी पडली ती एका क्षणात, पण ती पडायला कित्येक वर्षं लागली होती.

पाच वर्षं आधी

भंडाऱ्याच्या रुग्णालयातला विशेष नवजात दक्षता कक्ष सुरू झाला 2015 मध्ये. एसएनसीयू, किंवा सगळेजण म्हणतात तसं 'काचेचा वॉर्ड'. अशा कक्षांनी या पट्ट्यात किती जीव वाचवले, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं अन्यायाचं होईल. आमच्याकडचं कमी वजनाचं बाळ गडचिरोलीच्या कक्षात न्यायचं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागड तुटतं. तरी आया जातात, कारण तिथं वॉर्मर आहे.

वॉर्मर म्हणजे उघडा पाळणा. वर तापणारी कांडी, खाली मऊ गादी, बाजूंना पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेला एक लहानसा संवेदक. त्वचेचं तापमान साडेछत्तीस अंशांच्या आसपास राहावं म्हणून यंत्र स्वतःच उष्णता कमी-जास्त करतं. कायद्याच्या दृष्टीनं ते वैद्यकीय उपकरण. पण आत पाहिलं तर आपल्या घरातलीच वस्तू आहे: तापणारी तार, तापमान ओळखणारा डोळा, नियंत्रणाची पाटी, एक केबल, तीन पिनांचा प्लग. गिझर, इस्त्री, रूम हीटर यांचंच हे भावंड.

आता जरा थांबून घरगुती भावंडांचा कायदा पाहू. वॉर्मरची अडचण त्यातूनच कळते. भारतात घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचं मानक आहे आयएस 302. इस्त्री, गिझर, पाण्यात बुडवायचा रॉड या वस्तूंना 2003 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं मानक सक्तीचं केलं. शिक्का नसेल तर बनवायची नाही, विकायची नाही, विक्रीसाठी ठेवायचीसुद्धा नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या 2016 च्या कायद्यात त्यासाठी पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड आहे. भामरागडच्या बाजारातल्या ताडपत्रीवर तो कायदा कधी उतरलेला मी पाहिला नाही, पण कायदा आहे.

आणि तो चांगला आहे. हे मी मनापासून म्हणतो. त्यातल्या चाचण्या वाचताना लिहिणाऱ्यांना माणूस माहीत होता असं वाटत राहतं. लहान मुलाचं बोट फटीत जातं का, हे पाहायला सांधे असलेलं धातूचं बोट वापरतात. केबल हजारो वेळा वाकवतात, कारण घरात ती तशीच वाकते. मोटर मुद्दाम अडकवून ठेवतात, थर्मोस्टॅट मुद्दाम निकामी करतात आणि बघत बसतात. वस्तू नीट वापरली तर सुरक्षित आहे, एवढ्यावर मानकाचं समाधान होत नाही. ती चुकीची वापरली गेली, तिच्यातला एखादा भाग बिघडला, तरी घर पेटता कामा नये.

सगळ्यात खोल विचार त्यात एका भेदाचा आहे. काही उपकरणं माणसाचं लक्ष असताना चालतात, जशी इस्त्री. काही लक्ष नसताना चालतात, जसा फ्रिज. दुसऱ्या जातीला परीक्षा कडक. तिच्या आतल्या जोडाला आधार देणाऱ्या प्लास्टिकला 850 अंशांपर्यंत तापवलेली तार टेकवतात. त्या प्लास्टिकनं आग धरून चालत नाही. का? तर त्या खोलीत रात्री कोणी जागं नसणार, हे गृहीत धरलेलं आहे.

वॉर्मर कोणत्या जातीचा? मानकांच्या मनात तो लक्ष असताना चालणारा. त्याच्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात तर माणसाचं लक्ष यंत्रातच शिवून टाकलं आहे. संवेदकाऐवजी हातानं ठरवलेल्या उष्णतेवर वॉर्मर चालू ठेवला तर साधारण पंधरा मिनिटांनी तो गजर करतो: या, बाळाकडे पाहा, मगच मी पुढे चालेन. म्हणजे जवळ कोणीतरी आहे, हा वॉर्मरचा पाया. ती कोणीतरी म्हणजे परिचारिका. तीन-चार पाळण्यांमागे प्रत्येक पाळीला एक, असं सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात.

नऊ महिने आधी

1 एप्रिल 2020. देश टाळेबंदीत. त्या दिवशी एक मोठा बदल अमलात आला: सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्यानं 'औषध' या व्याख्येत आली. तोवर गोळीला परवाना लागे, पण वॉर्मरसारख्या कित्येक यंत्रांना तसा परवाना लागत नसे. बदल झाला, पण पहिले अठरा महिने नोंदणी ऐच्छिक ठेवली. परवान्याची सक्ती कमी जोखमीच्या उपकरणांना 1 ऑक्टोबर 2022 पासून आणि अधिक जोखमीच्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून.

तारखा जुळवून पाहिल्या की अस्वस्थ व्हायला होतं. बादलीतल्या दोनशे-तीनशे रुपयांच्या रॉडला 2003 पासून सक्तीचा शिक्का आणि दीड किलोच्या बाळावर रात्रंदिवस तापणारं यंत्र जानेवारी 2021 मध्ये 'ऐच्छिक' या शब्दाखाली. सरकारी खरेदीत निविदांच्या अटी असतात, तेव्हा सगळा माल वाईट होता असं मी म्हणत नाही. पण कायद्याचा जो हात रॉडपर्यंत पोचला होता, तो पाळण्यापर्यंत पोचलेला नव्हता.

त्याच वर्षी भंडाऱ्याच्या रुग्णालयातून आग प्रतिबंधक यंत्रणेचा सुमारे दीड कोटींचा प्रस्ताव वर गेला होता. जानेवारी उजाडला तरी मंजुरी आली नव्हती. धूर ओळखणारी, पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. इथं दुसरा एक कायदा आठवावा लागतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्यात इमारतीच्या मालकानं किंवा ताबेदारानं आग-यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं असतं. जानेवारीत आणि जुलैत.

त्या जानेवारीचे आठ दिवस उलटले होते.

सोळा तास आधी

शुक्रवार, 8 जानेवारी, सकाळ. देशभरातल्या जिल्ह्यांत कोविड लशीची रंगीत तालीम चालली होती. आरोग्य खात्याचं सगळं लक्ष शीतसाखळीवर. फ्रिज चालतो का, आतलं तापमान दोन ते आठ अंशांत राहतं का, वीज गेली तर पुढची सोय काय, नोंदवही कुठे आहे, जबाबदार कोण, हे सगळं पुन्हा पुन्हा तपासलं जात होतं. एक विद्युत उपकरण किती बारकाईनं पाहता येतं, हे या यंत्रणेला पुरेपूर ठाऊक होतं. लशीच्या फ्रिजपाशी तापमान रोज दोनदा लिहून ठेवायची शिस्त या देशात जुनी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या परिचारिकेनं ती वर्षानुवर्षं सांभाळली आहे.

म्हणून मला 'आपल्याकडे शिस्तच नाही' हे बोलणं पटत नाही. फ्रिज बिघडला तर लस वाया जाते, त्याचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून त्याला वही आहे. वॉर्मरच्या प्लगला वही नव्हती.

साडेसात तास आधी

संध्याकाळचे सहा. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष, थंडीचे दिवस. थंडीत वॉर्मर जास्त वेळ पूर्ण जोरावर चालतात. घरोघर रॉड, गिझर, शेगड्या लागतात. वर्षभर अर्ध्या भारावर निभावलेला जोड हिवाळ्यात पूर्ण भार घेतो.

कक्षात सतरा बाळं होती. याच रुग्णालयात जन्मलेली एका भागात आणि बाहेरून आणलेली दुसऱ्या भागात, अशी मांडणी. डॉक्टरी भाषेत 'इनबॉर्न' आणि 'आउटबॉर्न'. बाहेरून आणलेल्यांच्या भागात दहा, दुसऱ्यात सात. आया कक्षाबाहेर. अशा कक्षात आई बाळापाशी झोपत नाही. ठरल्या वेळी दूध पाजायला आत जाते, बाकी वेळ बाहेर बसते.

इथं मला चातगावजवळचं शोधग्राम आठवतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1990 च्या दशकात गडचिरोलीतल्या 39 गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या आरोग्यदूतांच्या पिशवीत बाळाला ऊब देणारी शिवलेली थैली होती, बाळाला गुंडाळून ठेवायची. नवजात मृत्यू तिथं निम्म्याहून अधिक कमी झाले. 1999 मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढे देशाच्या धोरणात गेलं. कापडाची थैली, आईची छाती. त्या उबेला प्लग लागत नाही आणि ती देणारं माणूस उठून दुसऱ्या खोलीत गेलं तर ऊबही त्याच्याबरोबर जाते, मागे एकटी जळत राहत नाही.

थैली सगळ्यांना पुरत नाही, हेही खरं. श्वास अडलेल्या बाळाला यंत्र लागतं, ऑक्सिजन लागतो. यंत्र नको असं म्हणण्याची चैन हेमलकशात बसून मला परवडणारी नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 23 डिसेंबर 1973 ला सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात आले, तेव्हा इथं वीज नव्हती. पुढे कित्येक वर्षं कंदिलाच्या उजेडात टाके घातले गेले. वीज येणं म्हणजे काय, हे त्या काळातल्या माणसांना विचारावं.

तीन तास आधी

रात्रीचे साडेदहा. या तासांत त्या विशिष्ट यंत्रात काय चाललं होतं, ते पाहायला कोणी नव्हतं. पण ढिल्या जोडात काय चालतं, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे.

आमच्याकडे एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्यावर फ्रिज, मिक्सर आणि हिवाळ्यात रॉड. बोर्ड घेतला तालुक्याबाहेरच्या एका दुकानातून. प्लगची तिसरी पिन आमच्या जुन्या सॉकेटात जात नव्हती, म्हणून दुकानातल्या मुलानं ती पकडीनं काढून दिली. मी पाहत होतो. मी काही बोललो नाही. तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती सगळ्यांआधी जोडली जावी आणि सगळ्यांनंतर सुटावी म्हणून. यंत्राचं अंग विजेच्या संपर्कात आलंच, तर ती वीज माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून.

एका रात्री बायकोनं उठवलं. "मासळी जळाल्यासारखा वास येतो." मासळी घरात नव्हती. तापलेलं बेकेलाइट आणि प्लास्टिक तसा वास देतं. बोर्डावर हात ठेवला तर चटका बसला. आत पितळी पाती काळीठिक्कर, स्क्रू अर्धा फेरा ढिला. एवढंच.

अर्धा फेरा ढिला स्क्रू म्हणजे काय, तर वीज ज्या रुंद वाटेनं जायची ती आता चिंचोळ्या टोकातून जाते. टोक तापतं. तापलं की पितळेवर काळा थर चढतो, त्यातून वीज आणखी अडते, आणखी तापतं. यंत्र चालू झालं की धातू फुगतो, बंद झालं की आकसतो. प्रत्येक वेळी स्क्रू केसभर आणखी सैल. भोवतीचं प्लास्टिक कोळशासारखं होतं आणि कोळशातून वीज वाहते. मग एक रात्र अशी येते की दोन पात्यांच्या मधल्या कोळशातून ठिणगी उडते. या सगळ्या काळात यंत्र नीट चालत असतं. दिवा लागलेला, कांडी तापलेली, आकडा बरोबर. फ्यूज उडत नाही, कारण वीज जास्त वाहतच नाही, फक्त चुकीच्या जागी तापते. तक्रार करावी असं काहीच घडत नाही.

कायद्याला हे माहीत आहे, म्हणून तर ती 850 अंशांची तार. पण ती परीक्षा घेतली जाते वस्तू नवी असताना, प्रयोगशाळेत, नमुन्यावर. कायदा यंत्राला जन्माच्या वेळी गाठतो आणि चांगलं खडसावून विचारतो. पाचव्या हिवाळ्यातल्या त्याच्या हजाराव्या रात्री त्याला कोण विचारणार? नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यानंतर माझ्या घरातल्या स्क्रूला कोणी हात लावलेला नव्हता. मीही नाही.

छत्तीस मिनिटं आधी

बारा वाजून चोपन्न मिनिटं. या मिनिटाला भंडाऱ्यात काही घडल्याची नोंद नाही. ही वेळ दुसऱ्याच एका शहराची आहे, पण माझ्या डोक्यात या दोन रात्री एकाच घड्याळावर चालतात.

14 जून 2017, लंडन, ग्रेनफेल टॉवर. चोवीस मजल्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरात धुराचा गजर वाजला. भाडेकरू उठला, स्वयंपाकघरात फ्रिजपाशी धूर पाहिला आणि 12.54 ला अग्निशमन दलाला फोन केला. जवान काही मिनिटांत पोचलेही. पण आग खिडकीतून बाहेरच्या आवरणाला लागली होती, ते आवरण पेटणारं होतं आणि साधारण अर्ध्या तासात ज्वाळा छतापर्यंत गेल्या. 72 माणसं गेली. चौकशीत तज्ज्ञांनी सुरुवात शोधली ती फ्रिजच्या काँप्रेसरला जाणाऱ्या तारेच्या दाबून बसवलेल्या जोडात. जोड नीट आवळलेला नव्हता, तो तापला. फ्रिजची पाठ प्लास्टिकची होती. अमेरिकेत अशा फ्रिजला पोलादी पाठ लागते, ब्रिटनमध्ये तेव्हा तशी सक्ती नव्हती.

तिथं घरात धुराचा गजर होता, जागा झालेला माणूस होता आणि श्रीमंत देशाचं अग्निशमन दल होतं. तरीही. मग ज्या खोलीत गजर नाही आणि झोपलेल्यांना उठून चालता येत नाही, तिथं काय?

दीड

चौकशी समितीनं पुढे जे सांगितलं ते असं. बाहेरून आणलेल्या बाळांच्या भागात एका चालू वॉर्मरच्या नियंत्रण पाटीत शॉर्टसर्किट झालं. ठिणगीनं गादी पेटली, पाळण्याचं प्लास्टिक पेटलं. त्या वेळी कक्षात कर्मचारी कोणी नव्हतं.

लक्ष असताना चालण्यासाठी बनवलेलं यंत्र लक्ष नसताना चालत होतं.

पेटलेलं प्लास्टिक आणि फोम ज्वाळेपेक्षा धुरानं जास्त मारतात. बंद, उबदार ठेवलेल्या खोलीत धूर आधी छताला भिडतो, मग थराथरानं खाली उतरतो. मोठा माणूस वाकतो, रांगतो, दाराकडे जातो. पाळण्यातलं बाळ ज्या उंचीवर ठेवलेलं असतं, त्या उंचीवर ते पडून राहतं. एवढ्या लहान फुप्फुसांना फार धूर लागत नाही. दहांतली सात बाळं आगीनं नव्हे, धुरानंच गेली.

याहून जास्त त्या खोलीचं वर्णन मी करणार नाही.

दीडनंतर

परिचारिकेनं दार उघडलं तेव्हा खोली धुरानं भरलेली होती. आरडाओरडा, धावाधाव, अग्निशमन दलाचे जवान. दुसऱ्या भागातली सात बाळं बाहेर काढता आली. बाकीच्या दहांपर्यंत कोणाला वेळेत पोचता आलं नाही. इतर विभागांतल्या रुग्णांना हलवण्यात आलं. आया बाहेर होत्या. त्यांना आत सोडलं गेलं नाही, आणि नंतर जे सांगायचं ते कोणीतरी त्यांना सांगितलं असेल. भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या खेड्यांतल्या बायका, बहुतेक मोलमजुरीच्या घरांतल्या. सकाळी देशभर बातमी गेली. राज्य सरकारनं प्रत्येक कुटुंबाला पाच लाख जाहीर केले.

बारा दिवसांनी

नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला. 21 जानेवारीला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित, काही डॉक्टर-परिचारिका निलंबित किंवा कंत्राटी असल्यानं सेवेतून दूर. फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला.

कक्ष सोडून जाणं ही चूक होती, आणि ती साधी चूक नव्हती. पण या उलट्या मोजणीत त्या दोघी येतात अगदी शेवटच्या मिनिटांत. त्यांच्या आधीच्या पाच वर्षांत जे जे आले, प्रस्ताव ज्यांच्या टेबलावर थांबला, 'ऐच्छिक' हा शब्द ज्यांनी लिहिला, वॉर्मरच्या देखभालीची वही ज्यांनी मागितली नाही, त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावं कोणत्या कागदावर आली. मला हे सलतं. ज्याच्या हातात शेवटी यंत्र असतं, त्याच्याच हाताला बेडी लागते. घरातही तसंच. रॉडचा शॉक लागून बाई गेली की 'तिनं बटण बंद न करता हात घातला' असं म्हणतात. बिनशिक्क्याचा रॉड कोणी विकला, अर्थिंग का नव्हतं, हे विचारायला तेराव्यानंतर कोणी उरत नाही.

नव्वद दिवसांनी

भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्यानंतरची तारीखवार नोंद अशी. 9 एप्रिल 2021, बरोबर नव्वदावा दिवस: नागपूरजवळच्या वाडीतल्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या एसीपासून आग, चार मृत्यू. 23 एप्रिल, पहाटे तीनच्या सुमारास, विरार: अतिदक्षता विभागात पुन्हा एसी, त्याच पहाटे तेरा मृत्यू. 6 नोव्हेंबर, अहमदनगरचं जिल्हा रुग्णालय: अतिदक्षता विभाग, अकरा मृत्यू. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री उत्तर प्रदेशातल्या झाशीत पुन्हा नवजात बालकांचाच कक्ष, पुन्हा विजेचीच आग, त्याच रात्री दहा बाळं.

एसी तर आपल्या बैठकीच्या खोलीतलीच वस्तू. घरात तो रात्री सहा-आठ तास चालतो. अतिदक्षता विभागात महिनोन्महिने अखंड, ऑक्सिजननं भरलेल्या हवेत. शिक्का तोच, परीक्षा तीच, पण आयुष्य वेगळं. मानकाच्या प्रयोगशाळेत यातलं पहिलं आयुष्य तपासलेलं असतं.

मी माझ्या घरातला बोर्ड फेकला. नव्या सॉकेटांना तिसरं भोक आहे आणि त्यामागे खरोखरची हिरवी तार आहे. मुख्य बोर्डावर गळती ओळखणारा स्विच आहे, 30 मिलिअँपिअरला तुटणारा. महिन्यातून एकदा त्याचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून पाहायचं असतं, तेवढी वही आता मी ठेवतो. आजूबाजूच्या चार घरांतही केलं. वस्तू घ्यायला कोणी निघालं की शिक्क्याखालचा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहायला सांगतो. रेंज असेल तेव्हा.

हिरवी तार जिथं जमिनीत जाते, तो खड्डा परसात आहे. मीठ, कोळसा, मध्ये गाडलेला पाइप. जमीन ओली असली तरच वीज तिच्यात शिरते, म्हणून वैशाखात त्यात पाणी ओतावं लागतं. मे महिन्यातल्या एका सकाळी मी ओतत होतो. पलीकडच्या घरातली म्हातारी हातपंपावरून गुंड भरून येताना थांबली.

"काय लावलंस रे इथं? झाड तर दिसत नाही."

"तार आहे, आजी. खाली गेली आहे. तिला ओल लागते."

"तुझ्या घरची?"

"माझ्या. आणि तुमच्या फ्रिजचीपण याच खड्ड्याला जोडली आहे."

तिनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग डोक्यावरचा गुंड उतरवला आणि त्यातलं अर्धं पाणी हळूहळू, झाडाच्या बुंध्याशी ओततात तसं, आत ओतलं.